दादाजानांची पट्टी आणि साडेनऊ तास

नाना पेठेतले आमचे जुने घर पाडून तिथे इमारत बांधायचे ठरले, तेव्हा भांडीकुंडी, कपाटे, पलंग यांची वाटणी एका दुपारीत झाली. अडले ते एका लाकडाच्या पट्टीपाशी. आमच्या दाराच्या चौकटीवर सागवानाची चार फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशी कोरीव पट्टी होती. हिंदू घरांत जिथे गणेशपट्टी असते, तिथे आमच्याकडे दोन्ही बाजूंनी आलेली द्राक्षाची वेल, मधोमध ‘बैतुल अमन’ ही अक्षरे आणि खाली १३५७ हे हिजरी साल. म्हणजे १९३८. ही पट्टी दादाजानांनी, म्हणजे अब्बांच्या वडिलांनी, स्वतः कोरली होती. ते सुतारकाम करायचे. त्यांच्या हातचे दुसरे काहीच आमच्याकडे उरलेले नाही.

आम्ही तीन भावंडे. भाईजान थोरले, मी मधली आणि धाकटी बहीण कोंढव्यात. पट्टी एक. कोणी मोठ्याने मागितली नाही, पण तिघांच्याही नजरा तिच्यावर होत्या. शेवटी भाईजानच म्हणाले, ‘‘आता सगळं सीएनसीवर होतं. स्कॅन करायचं, बटण दाबायचं, हुबेहूब निघतं. दोन करून घेऊ. यंत्राचं काम, फार तर दोन-तीन हजार लागतील.’’

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्रांतले मला कळत नाही. पण दोन-तीन हजारांचा हा आकडा कुठून आला, हे पाहायला मी त्यांच्याबरोबर निघाले.

आमच्या घरापासून भवानी पेठेतले टिंबर मार्केट चालत जाण्याजोगे आहे. लहानपणी अब्बांच्या सायकलवर पुढे बसून मी तिथे जायची, तेव्हापासून रामोशी गेट ओलांडले की लाकडाचा वास येतो हे डोक्यात पक्के आहे. अजूनही येतो. वखारींत उभ्या करून ठेवलेल्या फळ्या, प्लायवूडचे ढीग, हातगाड्यांवर लांबच लांब वासे आणि मधूनच करवतीचा चिरका आवाज. जुन्या वाड्यांतून निघालेले सागवानही इथे विकायला येते. मे २०२३ मध्ये एका पहाटे इथल्या गोदामांना मोठी आग लागली होती. लाकूड आणि आग हे पुण्याचे जुनेच नाते. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची, राहायला गेले १७३२ मध्ये. त्यासाठी सागवान आणले जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतला आणि चुना जेजुरीचा. सगळा खर्च १६,११० रुपये झाल्याची नोंद सांगतात. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी महाल जळाले, दगडी तट राहिला.

आम्ही ज्या कारखान्यात गेलो तो एका बोळात, पत्र्याच्या छपराखाली होता. आत पलंगाएवढे मोठे टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारी लोखंडी कमान, कमानीवर डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकणारी मोटर, आणि मोटरीच्या तोंडाशी पेन्सिलीसारखे निमुळते पाते. त्याला ‘बिट’ म्हणतात. ते मिनिटाला अठरा हजार फेरे घेते. संगणकाने सांगितलेल्या वाटेवरून मोटर चालते आणि वाटेत येणारे लाकूड कापते, एवढेच सीएनसीचे तत्त्व. असे पहिले यंत्र १९५२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये चालवून दाखवण्यात आले. तेव्हा त्याला सूचना भोके पाडलेल्या कागदी फितीवरून मिळत आणि काम होते विमानाचे धातूचे भाग बनवण्याचे. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत लोखंड कापणारी याचीच भावंडे आहेत.

त्या दिवशी टेबलावर एका मशिदीसाठी एमडीएफची जाळी कापली जात होती. आठ टोकांच्या चांदण्यांची. चौरस फुटाला चार-पाच मिनिटे लागतात, असे मालक म्हणाले. भाईजानांचा चेहरा खुलला. आपली पट्टी तीन चौरस फूट, म्हणजे पंधरा मिनिटे!

मालक हसले. ‘‘साहेब, ही आरपार कापायची जाळी आहे. बिट फक्त रेघेवरून चालतं. तुमची वेल उठावाची आहे. तिथे बिटला प्रत्येक जागेवरून जावं लागतं.’’

मग त्यांनी माझ्याच वहीत हिशेब मांडून दाखवला. तो इथे देते, कारण पुढे कोणाच्याही उपयोगी पडेल.

आधी सहा मिलिमीटरच्या जाड बिटने नको असलेले लाकूड थरांनी काढून टाकतात. आमच्या पट्टीला त्यासाठी दीड तास. नंतर बारीक काम. त्याचे बिट निमुळते, टोकाला गोल, टोकाचा व्यास एक मिलिमीटर. ते पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारते, पाव मिलिमीटर बाजूला सरकते आणि पुढची रेघ मारते. नऊ इंच म्हणजे साधारण २२५ मिलिमीटर. पाव मिलिमीटरने एक अशा झाल्या ९०० रेघा. प्रत्येक रेघ चार फुटांची, म्हणजे सुमारे १.२ मीटर. बिटला एकूण चालायचे अंतर १,०८० मीटर, एक किलोमीटरहून जास्त! मिनिटाला तीन मीटर या वेगाने सहा तास. पण ते पानांच्या चढउतारावरून चालते, प्रत्येक वळणावर थांबून पुन्हा वेग घेते, म्हणून प्रत्यक्षात आठ तास. दीड आणि आठ मिळून साडेनऊ तास.

‘‘वेग वाढवला तर?’’ भाईजानांनी विचारले.

‘‘सागवानाचे रेषे उपटून निघतील, बिटही तुटेल. शिवाय सागवानात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यानं धार लवकर मरते.’’

‘‘मग रेघा कमी करा.’’

‘‘करू शकतो. अर्धा मिलिमीटर सरकवलं तर रेघा निम्म्या, बारीक कामाचा वेळ आठाचा चार तास. पण पानांवर शेताच्या सरीसारख्या रेघा दिसतील. त्या पॉलिश पेपरनं घासायच्या. घासताना पानाची शीर जाईल.’’

शाळेचे मैदान झाडणाऱ्या मावशी मला आठवल्या. झाडू लहान घेतला की फेऱ्या वाढतात, मोठा घेतला की कोपरे राहतात. यंत्राला बारकावा फुकट देता येत नाही. तो मिनिटांनी विकत घ्यावा लागतो.

त्यांचा दर ताशी चारशे रुपये होता. त्यात यंत्राच्या कर्जाचा हप्ता, वीज, बिटांची झीज आणि चालवणाऱ्या मुलाचा पगार आला. साडेनऊ तासांचे ३,८०० रुपये. पण सर्वांत मोठा आकडा वेगळाच निघाला. पट्टी स्कॅन करून तिची संगणकातली फाइल तयार करायचे ६,००० रुपये. आमच्या पट्टीवर गेल्या ऐंशी वर्षांचे तेलरंगाचे थर होते आणि उजवे टोक वाळवीने खाल्लेले. स्कॅनरला वेल कोणती, रंगाची खपली कोणती आणि वाळवीचे भोक कोणते हे कळत नाही. तो सगळेच इमानदारीने उचलतो. ते माणसाने संगणकावर बसून दुरुस्त करायचे. त्याला तीन दिवस लागतात.

कारखान्याच्या दाराशी एक वयस्क कारागीर बसले होते. मूळचे सहारनपूरचे. तिथे शिसमावर नक्षीकाम करणारी घराणीच्या घराणी आहेत. हे चाचा कित्येक वर्षे पुण्यात आहेत. यंत्रातून निघालेल्या कामावर ते हात फिरवतात. त्यांनी आमची पट्टी मांडीवर घेतली, डोळे मिटून पानांखाली बोट घातले आणि म्हणाले, ‘‘बेटी, हे बघ, तुझ्या दादांनी पान खालून पोखरलं आहे.’’

मी बोट घातले. खरेच, पानाची कड लाकडापासून सुटून वर उचललेली होती. इतकी वर्षे त्या दारातून ये-जा केली, पण हे मला माहीत नव्हते. यंत्राचे बिट वरून खाली उतरते, पानाच्या पोटात शिरू शकत नाही. चांदण्यांच्या जाळीचेही तसेच. फिरते बिट गोल असते, म्हणून आतल्या कोपऱ्याला ते टोक देऊ शकत नाही. कोपरा गोलसरच राहतो. टोक हवे तर पटाशी हातात घ्यावी लागते. पाने पोखरायला आणि अक्षरांची टोके काढायला चाचांची मजुरी प्रत्येक पट्टीमागे १,५०० रुपये. अर्धा घनफूट सागवान साडेचार हजारांच्या भावाने २,२५० आणि पॉलिशचे ६००.

बेरीज केली. पहिली पट्टी १४,१५० रुपये. भाईजान गप्पच झाले.

मी चाचांना विचारले, ‘‘सगळं तुम्ही हातानं केलंत तर?’’ त्यांनी बोटांवर मोजले. बारा दिवस, रोजचे हजार. लाकूड आणि पॉलिश धरून १४,८५० रुपये. यंत्र आणि हात यांत फरक फक्त सातशे रुपयांचा!

मालकांनीच खुलासा केला. ‘‘एकच नग हवा असेल तर चाचांकडून करून घ्या, मी सांगतो. दोन हवे असतील तर माझ्याकडे या.’’ कारण फाइल एकदाच करायची असते. दुसरी पट्टी यंत्रावर ८,१५० मध्ये होते. चाचांना मात्र दुसऱ्या पट्टीलाही तेच बारा दिवस. दोन पट्ट्या यंत्राने २२,३०० आणि हाताने २९,७००. दहा घेतल्या तर विचारायलाच नको. यंत्र स्वस्त असते ते पुन्हा पुन्हा तेच करण्यात. बाजारातल्या तयार दारांवर एकच मोर आणि एकच वेल सगळीकडे दिसते त्याचे कारण हेच. फाइलचे पैसे केव्हाच वसूल झालेले असतात.

लगेच हो म्हणवेना. आम्ही रिक्षाने लक्ष्मी रोडला गेलो, विश्रामबागवाड्यासमोर उतरलो. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास बांधलेला हा वाडा. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ मध्ये आगीत त्याचा काही भाग जळाला. पण रस्त्याकडचा लाकडी दर्शनी भाग आजही पाहावा असा आहे. मी मुलांची सहल घेऊन इथे आले आहे, तेव्हा सनावळी सांगितल्या आणि पुढे गेले. त्या दिवशी पहिल्यांदा सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि वरच्या सज्जाचे नक्षीकाम तासांच्या हिशेबाने पाहिले. एकेका खांबाला किती दिवस? पटाश्या धरणाऱ्या त्या हातांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. भाईजान बराच वेळ वर पाहत होते. मग म्हणाले, ‘‘दादाजानांनी तरी पट्टी किती दिवसांत केली असेल? कामावरून आल्यावर, कंदिलाच्या उजेडात.’’ तिघांत मिळून २२,३०० देण्याचे तिथेच ठरले. एकाला सात-साडेसात हजार.

आठवड्याने फाइल पाहायला बोलावले. उजवी बाजू वाळवीने गेलेली असल्याने मुलाने डावी बाजू आरशात दिसावी तशी उलटवून उजवीकडे लावली होती. मधली अक्षरे त्याने नव्याने टाइप केली होती. पडद्यावर पाहिले आणि माझ्या छातीत धस्स झाले. अक्षरे सुटी सुटी झाली होती आणि डावीकडून उजवीकडे लावलेली. बे, ये, ते एकमेकांना न जोडता, मुलाने पहिल्यांदा मुळाक्षरे गिरवावीत तशी. काही सॉफ्टवेअरमध्ये उर्दू-अरबी लिपीचे असेच होते. मुलाला वाचता येत नव्हते आणि यंत्राला तर येणारच नाही. साडेनऊ तास खपून त्याने ती चूक अगदी स्वच्छ, पाव मिलिमीटरच्या अचूकतेने कोरून दिली असती. आणि ती आमच्या दारावर पुढची ऐंशी वर्षे राहिली असती.

मी घरी जाऊन दादाजानांच्या अक्षरांवर पातळ कागद ठेवला, पेन्सिल घासून ठसा घेतला आणि तो दिला. त्यावरून अक्षरे पुन्हा आखली गेली. वर्गात मुलांना शुद्धलेखन तपासून दे म्हणते, ते त्या दिवशी स्वतःला लागू झाले.

लाकूड मात्र भाईजानांनी आपल्याच घराच्या तुळईतले दिले. २,२५० रुपये प्रत्येकी वाचतील आणि घराचे लाकूड घरात राहील, हा विचार. दुसऱ्या पट्टीच्या पाचव्या तासाला ‘टक्’ असा आवाज झाला आणि बिट तुटले. तुळईत आत खोल, वरून न दिसणारा एक जुना खिळा होता. नव्या बिटचे ११०० रुपये आम्हीच भरले. यंत्र पुन्हा अचूक त्याच जागी आणायला तास गेला. खिळ्याचा डाग एका पानाच्या कडेला अजून दिसतो. जुने लाकूड यंत्रावर देताना मेटल डिटेक्टर फिरवून घ्या, हा धडा असा महागात शिकले.

त्या साडेनऊ तासांत यंत्राजवळ कोणीतरी बसावे लागते, हेही तिथेच कळले. बसणारा मुलगा विशीचा. आवाज कानठळ्या बसवणारा आणि हवेत पिठासारखा भुसा. त्याच्या गळ्यात मास्क होता, नाकावर नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. शिक्षिकेची सवय सुटत नाही. मी त्याला मास्क वर करायला लावला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा मला पाहताच त्याने तो वर ओढला. मी नसताना ओढतो का, अल्लाहला माहीत. कारखान्यात काम करणारी मुले आपल्याच मोहल्ल्यातली असतात. घरच्यांनी एवढे तरी विचारावे.

कोणाला दारावर, कपाटावर किंवा मशिदीच्या मिंबरावर कोरीव काम करून घ्यायचे असेल, तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. दर चौरस फुटाने आहे की तासाने, ते आधी विचारा. तासाने असेल तर रेघ किती मिलिमीटरने सरकणार, हे विचारा. फाइलचे पैसे वेगळे आहेत का आणि फाइल नंतर तुमच्याकडे राहणार का, हे ठरवून घ्या. अक्षरे असतील तर ती वाचता येणाऱ्या माणसाला कापण्याआधी दाखवा. आणि एकच नग हवा असेल, तर आधी हातकाम करणाऱ्या कारागिराचा भाव घ्या. जमातीच्या पैशांतून काम होणार असेल तर हे सगळे कागदावर लिहून घ्या, म्हणजे नंतर कोणाच्या मनात शंका राहत नाही.

दोन्ही नव्या पट्ट्या आल्या. मूळ पट्टीचा रंग उतरवून चाचांनी तिच्या वाळवीने खाल्लेल्या टोकाला नवे लाकूड बसवून वेल पुरी केली. तिन्ही अम्मींसमोर ठेवल्या. अम्मी म्हणाल्या, ‘‘मूळची मी जिथे राहीन तिथे.’’ म्हणजे भाईजानांकडे. खरे सांगायचे तर मनात थोडे दुखले. ती मला हवी होती.

चाचा शेवटचा हात फिरवत होते, तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला होता. ‘‘नव्या पट्टीवर १३५७ ठेवायचं? पण ही तर १३५७ ची नाही.’’ आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. दादाजानांची आठवण म्हणून साल ठेवावे वाटत होते आणि चाचांचे म्हणणेही खरे होते. शेवटी पुढे १३५७ तसेच राहू दिले. मागच्या बाजूला, जिथे भिंत लागते, तिथे चाचांनी छोट्या पटाशीने १४४६ कोरले. मी त्यांना त्याच्याखाली त्यांचे नावही कोरायला सांगितले. आधी नको म्हणाले. मग कोरले.

त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. वेळ विचारला तर म्हणाले, ‘‘दहा मिनिटं.’’